न पेरलेला मासा

शाश्वत मासेमारी म्हणजे पुढल्या वर्षीही मासा मिळेल अशा बेताने यंदाचा मासा मारणे. व्याख्या एका ओळीत संपते. तिच्या पोटातला पेच मात्र फार जुना आहे. ज्याचा संसार मारण्यावर चालतो त्याला राखायला शिकवायचे, आणि राखायचे तेही पुन्हा मारता यावे म्हणून. अशा राखण्याला संयम म्हणायचे की लांबणीवर टाकलेला लोभ? चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगल जिल्ह्यांत हा प्रश्न पुस्तकात बसून राहत नाही. इथे एकाच काठावर जाळे टाकणाऱ्यांत पिढीजात ढिवर असतो, गोंड-माडिया असतो, बौद्ध असतो, आणि संध्याकाळी तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला बसणाराही असतो. जीव घेण्याविषयी प्रत्येकाचा स्वतःचा हिशेब आहे. तो हिशेब टाळून शिकवणारा थेट जाळ्याच्या आसेकडे, म्हणजे भोकांच्या मापाकडे, वळला, तर शिकवलेले काठावरच राहते.

या भागातले पाणी दोन प्रकारचे आहे. एक वाहते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते, पूर्वेकडून इंद्रावती येते. कठाणी, खोब्रागडी, पर्लकोटा, पामुलगौतमी अशा नद्या यांना भरत असतात. दुसरे साठवलेले. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे, चांद्याकडे या देणगीला तुकूम म्हणत. कोहळी समाजाने पूर्व विदर्भात गावोगाव तलाव उभे केले. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांचे नाव माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात मामा तलाव, असे पडले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्याखेरीज शेताशेतांतल्या लहान बोड्या वेगळ्याच.

पाणी दोन प्रकारचे, तसा मासाही दोन प्रकारचा. तलाव ढिवरांच्या सहकारी संस्था ठेक्याने घेतात आणि पावसाळ्यात त्यात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडतात. या तिन्ही जाती साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून पूर्वी बीज नदीतून धरून आणावे लागे. 10 जुलै 1957 रोजी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातींची वीण घडवली आणि बीज हाताने तयार करता येऊ लागले. जिरे, अर्धबोटुकली, बोटुकली हे शब्द तेव्हापासून बियाण्याच्या पिशव्यांसारखे दरपत्रकात आले. तलावातला रोहू अशा रीतीने पेरलेला मासा झाला. नदीच्या डोहातला मरळ, वाम, शिंगाडा किंवा झिंगा मात्र कोणी सोडलेला नाही.

पेरलेल्या माशाला मालक असतो आणि त्याचे गणित शेतकऱ्याचे असते: इतके टाकले, इतके निघाले, इतके बुडाले. जाळ्याची आस मोठी ठेवा, अर्ध्या किलोच्या आतला मासा काढू नका, हे त्याला पटवावे लागत नाही, बाजारच पटवतो. न पेरलेल्या माशाला मालक नाही. तो ज्याच्या हाती लागेल त्याचा, आणि त्याला राखण्याची जबाबदारी कोणाच्याच वाट्याला येत नाही. नदीला आई म्हणणारे पुष्कळ आहेत. मार्कंडा इथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते म्हणून महाशिवरात्रीला तिथे माणूस मावत नाही. पण नदी पवित्र मानली म्हणून तिच्यातला मासा पवित्र होत नाही. कोकणपट्टीत तसे काही ठिकाणी झाले आहे: महाडजवळच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे आणि वैतरणेच्या काठी तिळसे इथे तिळसेश्वराचे म्हणून मासे राखले जातात, लोक त्यांना खायला टाकतात, कोणी गळ टाकत नाही. तिथे राखणे म्हणजे मुळीच न मारणे. ज्या ढिवराचे घर त्याच डोहावर चालते त्याच्या उपयोगाचे हे उदाहरण अर्धेच आहे.

तलावातही न पेरलेला मासा असतो. लहान खवल्यांचे मासे, मरळ, मांगूर पावसाच्या पाण्याबरोबर आपणहून येतात. मत्स्यशेतीची पुस्तके त्यांना नको असलेले मासे म्हणतात आणि बीज सोडण्याआधी ते काढून टाकायला सांगतात. उपाय म्हणून मोहाची ढेप सुचवलेली असते: मीटरभर खोलीच्या पाण्याला हेक्टरी दोन ते अडीच हजार किलो. ढेपेतले सॅपोनिन माशाच्या रक्तपेशी फोडते, मासे वर येतात. दोन-तीन आठवड्यांत विषाचा जोर ओसरतो आणि ढेपेचे खत होते. त्याच पुस्तकात पुढल्या कुठल्या तरी पानावर पाण्यात विष टाकू नये असे लिहिलेले असते. वर्गातला विद्यार्थी ही विसंगती परीक्षेपुरती सोडून देतो. ज्याच्या घरी मोहाच्या दारूशिवाय देवाचे कार्य होत नाही तो माणूस सोडत नाही. त्याला दिले जाणारे उत्तर असे, की तलावाचे पाणी बंद असते आणि विष ठरावीक मुदतीत निवते. उत्तर खरे आहे. मात्र त्यात एक धर्मनिर्णय गुपचूप उरकलेला आहे: पेरलेल्यासाठी न पेरलेल्याला मारायला हरकत नाही. शेतातले तण उपटताना शेतकरी हेच करतो, हे खरे. पण त्या तणमाशावरच गरिबाचे जेवण चालते. रोहू विकला जातो, आणि काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी घरात शिजते. शिकवणाऱ्याने हा निर्णय निदान उघडपणे घ्यावा.

मारण्यातले भलेबुरे महिन्यानुसार बदलते, ही मासेमारीच्या शिक्षणातली सर्वांत अवघड गोष्ट. रोहूच्या एका किलोभर मादीत दोन-तीन लाख अंडी असतात. पहिला मोठा पाऊस पडून नाल्यांना लाल पाणी आले की मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात, बांधीतल्या गुडघाभर पाण्यातही शिरतात. हे चढणीचे मासे. नाल्याच्या तोंडाशी कामट्यांचा पिंजरा आडवा लावला तर रात्रीत टोपली भरते. नोव्हेंबरात तलावातून काढलेला रोहू आणि आषाढात नाल्यातून काढलेली अंड्यावरची मादी, ताटात दोन्ही सारखेच दिसतात. पण दुसऱ्या ताटात नदीचे पुढले वर्षही शिजलेले असते. म्हणून सगळे शास्त्र सांगते की या दिवसांत हात आवरा. अडचण अशी की हे दिवस घरातल्या कणगीचा तळ दिसण्याचेही असतात. धान निघायला चार महिने असतात, रोवणीची मजुरी अजून हातात यायची असते, तलावाचे काम बंद असते. म्हणजे भांडे रिकामे असते त्याच पंधरवड्यात उपवासाचा उपदेश येतो. उपवास पुण्यकारक असतो, पण तो धरणाऱ्याने निवडलेला असावा लागतो. लादलेल्या उपवासाला भूक म्हणतात. समुद्रावरच्या बंदीला, महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै, निदान एक तारीख आहे आणि बंदरात बांधलेली बोट सगळ्यांना दिसते. नाल्यावरचा पिंजरा कोणालाच दिसत नाही.

मरळाची गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. मरळ पाणवनस्पती बाजूला सारून वर्तुळाकार जागा करतो आणि अंडी पाण्यावर तरंगत ठेवतो. पिले निघाली की त्यांचा नारिंगी-तांबूस घोळका पाण्याच्या पृष्ठभागाशी हलत राहतो, पावसाचे थेंब एकाच जागी पडत असावेत तसा. त्याच्या खाली हातभर अंतरावर आईबाप असतात. घोळक्याजवळ काहीही हलले, बेडूक, काडी, गळाला बांधलेले आमिष, तरी मरळ त्यावर झेप घेतो. भुकेमुळे नव्हे; पिलांना सांभाळायला. म्हणून या दिवसांत मरळ धरणे अतिशय सोपे. घोळका दिसला की खाली मासा आहे हे ठरलेले, आणि तो गळ चुकवणार नाही हेही ठरलेले. तो काढला की तासाभरात बारीक मासे आणि खेकडे घोळक्यावर तुटून पडतात. इथे संख्येचा आणि अंड्यांचा हिशेब न मांडताही काय चुकले ते विद्यार्थ्याला कळते. राखणाऱ्याचे राखणेच त्याच्या गळ्याला लागलेले असते. दयेचा आणि पुढल्या वर्षीच्या बेताचा मार्ग इथे एकच होतो, असे प्रसंग थोडे असतात, आणि शिकवणाऱ्याने ते वाया घालवू नयेत.

याच्या उलट टोकाला आटणारी बोडी आहे. चैत्र-वैशाखात तिचे पाणी चिखलावर येते, तेव्हा गाव टोपल्या, हात, फाटकी जाळी घेऊन उतरते आणि असेल नसेल तो मासा काढते. बारीक, मोठा, अंड्यावरचा, कसलाच भेद नाही. नियमांच्या पुस्तकाला हे दृश्य बोचते. तरी त्यात गैर काही नाही, कारण आठ दिवसांनी तो मासा बगळ्याचा किंवा उन्हाचा होणार असतो. एकच नियम सगळ्या पाण्याला लावणाऱ्या शिक्षणावरचा विश्वास इथेच उडतो. कठाणीच्या डोहात जे वर्ज्य ते बोडीत चालते, आणि हा भेद ढिवराच्या पोराला आठव्या वर्षी माहीत असतो.

मारण्यावर जगणाऱ्याला धर्म असू शकतो का, या प्रश्नाला महाभारताच्या वनपर्वात उत्तर आहे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म शिकायला मिथिलेच्या बाजारात येतो आणि त्याचा गुरू असतो एक मांस विकणारा व्याध. हा धर्मव्याध आपल्या धंद्याचे गोडवे गात नाही. नांगराच्या फाळाखाली किती जीव जातात, पाण्यात आणि झाडाफळांत किती जीव आहेत, असे विचारत तो दाखवून देतो की संपूर्ण अहिंसा कोणालाच साधलेली नाही. उरतो तो कमीअधिकाचा आणि जाणीवपूर्वक वागण्याचा प्रश्न. मासेमारीच्या शिक्षणाला या कथेतून दोन गोष्टी मिळतात. भात पिकवणारा मासे मारणाऱ्यापेक्षा आपोआप शुद्ध ठरत नाही. आणि शिकायला येणारा शिकलेला असतो, शिकवणारा धंद्यातला असतो. मत्स्यन्याय ही जुनी उपमा मात्र वर्गात न आणलेली बरी. मोठा मासा लहान माशाला खातो हे अराजकाचे चित्र म्हणून राजनीतीत चालले. डोहात तीच व्यवस्था असते, आणि ती मोडते मच्छरदाणीच्या जाळ्याने, ज्याला मोठा आणि लहान दोन्ही सारखेच.

राजाने हात आवरायला लावण्याचा पुरावा तर चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. नागभीड तालुक्यात देवटेक इथे एक शिळा मिळाली. तिच्यावर दोन लेख आहेत. जुना लेख मौर्यकालीन ब्राह्मीत आहे: चौदाव्या वर्षी कोणा स्वामीने चिकंबरी इथे प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई केली आणि मोडणाऱ्याला दंड सांगितला. पुराभिलेखतज्ज्ञ वा. वि. मिराशी यांनी हा लेख अशोकाच्या धर्ममहामात्राचा असावा असे मत मांडले. चिकंबरी म्हणजे शेजारचे चिकमारा. त्याच शिळेवर चौथ्या शतकात वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा लेख कोरला गेला, आणि तो कोरताना जुन्या लेखाचा काही भाग छिलला गेला. अभयाची आज्ञा खोडून देवालयाची नोंद, असा अर्थ त्यातून काढायचा मोह होतो. खरे कारण बहुधा साधे असावे: चांगला दगड तयार मिळाला. पण ज्या आज्ञेमागे राजा उरला नाही तिचे आयुष्य दगडापेक्षा कमी भरले, एवढे तर दिसतेच.

अशोकाचा पाचवा स्तंभलेख माशांबाबत याहून नेमका आहे. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरलेल्या या लेखात न मारण्याच्या प्राण्यांची यादी आहे आणि तिच्यात काही माशांची नावे आहेत. पुढे दिवस सांगितले आहेत: तिन्ही चातुर्मासी पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा, त्यांच्या मागचापुढचा दिवस, आणि उपोसथाचे दिवस. या दिवशी मासा मारू नये आणि विकूही नये. हत्तींच्या वनांत आणि कोळ्यांच्या राखीव पाण्यांतही या दिवशी अन्य जीव मारू नयेत. विकण्यावरही बंदी घालण्यात राज्यकर्त्याची पारख दिसते. गिऱ्हाईक बंद केल्याशिवाय जाळे बंद होत नाही. आषाढी पौर्णिमेचे तीन दिवस चढणीच्या मोसमात येतात खरे, पण ते पंचांगाने आले आहेत, माशाच्या विणीने नव्हे. श्रावणाचेही तसेच. श्रावणात खाणारा थांबतो, भाव पडतो, पकडणाऱ्याचा हात अर्धवट सैल होतो. तोवर आषाढातली पहिली चढण होऊन गेलेली असते. धर्माने दिलेली विश्रांती आणि माशाला हवी असलेली विश्रांती एकमेकींच्या जवळून जातात, एकमेकींवर बसत नाहीत.

जैन कथाकोशांतला मृगसेन धीवर राजाच्या आज्ञेने थांबत नाही. अवंती देशातल्या या धीवराला यशोधर मुनी एकच व्रत देतात: जाळ्यात पहिला येईल तो मासा मारायचा नाही. मृगसेन शिप्रेवर जातो, पहिला मासा येतो, त्याला तो खुणेची चिंधी बांधून सोडतो. पुन्हा जाळे टाकतो, तोच मासा. असे पाच वेळा होते. रिकाम्या हाताने घरी आल्यावर बायको दार लावून घेते, बाहेर झोपलेल्या मृगसेनाला साप चावतो. पुढल्या जन्मी पाच संकटांतून तो वाचतो, हे कथेचे फळ. फळ बाजूला ठेवले तरी कथा मासेमाराला लगेच कळते, कारण तिच्यात त्याचे घर आहे. व्रत लहानसे असते, पहिल्या माशापुरते. उरलेले सगळे मासे मारायला मुभा होती. तरी तेवढ्यानेच त्या रात्रीची चूल विझली, आणि शेजारच्या धीवराने त्या संध्याकाळी किती मासे नेले हे कथा सांगत नाही.

वैयक्तिक व्रताची मर्यादा तिथेच आहे. मृगसेनाने सोडलेला मासा शेजाऱ्याच्या जाळ्यात जाऊ शकतो. मोक्षाच्या हिशेबात त्याने फरक पडत नाही, सोडणाऱ्याचे पुण्य सोडणाऱ्याला मिळते. नदीच्या हिशेबात मात्र काहीच बदलत नाही. न पेरलेल्या माशापुरते पाहिले तर एकट्याचा संयम हा दुसऱ्याला दिलेला मासा ठरतो. म्हणून माणसाच्या मनावर काम करून थांबणारे शिक्षण, मग ते भूतदयेचे असो की पर्यावरणाचे, प्रामाणिक माणसाला तेवढे उपाशी ठेवते.

सगळ्यांनी मिळून थांबण्याची रीत या जंगलात आहे, आणि तिला उपदेशाचा वासही नाही. माडिया-गोंडांत पंडुम झाल्याशिवाय नवे फळ, नवे धान्य तोंडाला लावत नाहीत. मरका पंडुम होईपर्यंत आंबा पाडायचा नाही. गावदेवाला वाहिले, गावाने मिळून खाल्ले, मग ज्याला हवा तेवढा. तोवर कोय धरलेली असते, हा परिणाम. सांगितले जाणारे कारण देवाचा मान. एकट्याने आधी खाल्ले तर दोष गावाला लागतो, त्यामुळे राखण आपोआप होते. कुळांच्या देवकांचीही अशीच गोष्ट. स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरकडे टिपलेली, गोंडांच्या लिंगो या देवपुरुषाची कथा रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापली. तिच्यात पुरातून गोंडांना मगर पाठीवर घेते आणि बुडवू पाहते. वाचवते कासव, आणि त्याला कधी न मारण्याचे वचन दिले जाते. इथे राखण्यामागे दया नाही आणि बेतही नाही, फेडायचे ऋण आहे.

ताडोबाच्या तलावाविषयीची दंतकथाही घेण्या-फेडण्याचीच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी ती नोंदवून ठेवली. वरातीला तहान लागली, जमीन खणताच पाणी उसळले आणि वरात बुडाली; पुढे काठावर येणाऱ्या यात्रेकरूंना भांडी हवी असली की ती तलावातून वर येत, वापरून धुऊन परत द्यायची असत. एकाने ती घरी नेली. भांडी नाहीशी झाली आणि पुन्हा कधी वर आली नाहीत. तलावाकाठी तारू या देवाचे ठाणे आहे आणि तलाव आज व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात असल्याने तिथे जाळे टाकण्याचा प्रश्नच येत नाही. अशी भांड्यांची गोष्ट महाराष्ट्रात अनेक तळ्यांबद्दल सांगतात. न पेरलेल्या माशाचे शास्त्र मुलांना सांगायचे तर याहून सोपा धडा मिळणे कठीण; अट एकच, कथेचे तात्पर्य शिक्षकाने सांगू नये.

कारण सांगितल्याने श्रद्धा विरते का, ही शंका इथे येतेच. पंडुमाचे फळ म्हणजे कोय धरू देणे, असे विज्ञानाच्या तासाला समजले, की हुशार मुलगा म्हणेल: कोय धरली आहे, मग पंडुमाची वाट कशाला? कारण हाती आले की नियम वाकवता येतो. देवाचा नियम वाकत नाही, म्हणून टिकतो. पण परिस्थिती बदलली तरी तो वाकत नाही, हीच त्याची उणीव. पूर्वी गेळाची फळे किंवा कुंभीची साल ठेचून उन्हाळी डोहात टाकत. मासे गुंगून वर येत, गाव मिळून वेचत असे, पाणी पुढे वाहिले की विष पातळ होई. या रीतीला जुनी संमती आहे. तीच संमती कापसाच्या कीटकनाशकाच्या बाटलीपर्यंत ताणली जाते तेव्हा परंपरा गप्प बसते, कारण तिला बाटली माहीत नाही. गेळाने मासा गुंगतो. बाटलीने बेडूक, शिंपले, पाण्यातले किडे आणि पाणी पिणारी गुरे सगळेच मरतात. डोहात बॅटरीच्या तारा किंवा जिलेटीनची कांडी टाकणे त्याच पंगतीतले. 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने स्फोटके आणि विष दोन्हींना मनाई केली. सव्वाशे वर्षांत ही मनाई किती नाल्यांपर्यंत चालत गेली, हे नाल्यावरच दिसते. या बाबतीत कारण सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. भूक, मोसम, बोडी यांच्या बाबतीत तडजोड शिकवता येते. विषाच्या बाबतीत शिकवायची ती सरळ मनाई.

मग हे शिकवायचे कोणी? नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, गडचिरोलीजवळ सोनापूरला आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीला कृषी विज्ञान केंद्रे आहेत, 2011 पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. विद्यार्थ्याला इथे माशाचे शास्त्रीय नाव, विणीचा काळ, पाण्यातला प्राणवायू मोजण्याची रीत मिळते. ढिवराला हे नको असते असे नाही. पण त्याला पाण्याच्या रंगावरून आणि बुडबुड्यांवरून जे कळते ते विद्यार्थ्याला चार वर्षांत कळत नाही. दोघांना एका बाकावर बसवून एकच व्याख्यान द्यायचे, आणि शेवटी प्रमाणपत्र व चहा, ही प्रशिक्षणाची रूढ तऱ्हा दोघांचाही वेळ खाते. शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने वेगळा मार्ग घेतला. तलावात माजलेली बेशरम ही वनस्पती काढायची, कोणती पाणवनस्पती कोणत्या माशाला लागते ते ढिवरांनाच विचारायचे, आणि ती त्यांच्याच हातांनी परत लावायची. शिकवणे आणि मजुरी एकाच दिवशी झाली. काम करणाऱ्यांत ढिवर बायाही होत्या, ज्यांना संस्थांच्या सभासद-यादीत फारशी जागा नसे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने याची दुसरी बाजू दाखवली. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावात अभ्यास गट सुरू झाले. बाहेरचा जाणकार गटात बसतो, बोलतो, वाद घालतो. निर्णय मात्र ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने होतो. मधमाश्या न मारता मध काढण्याची रीत गावाने अशीच चर्चा करून स्वीकारली. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली 1,809 हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. सर्वसहमतीला वेळ लागतो, कधी वर्ष जाते. मतदानात हरलेला माणूस रात्री पिंजरा लावायला मोकळा असतो. सहमतीत तो स्वतःच बांधला जातो. पंडुमात देव जे काम करतो ते इथे ठरावाने होते. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाने तर ठराव करून आपल्या जंगलाचा एक भाग नव्याने देवराईसारखा राखला आणि फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात म्हणून तेंदूपत्ता तोडणे बंद केले. देवराई जुन्या काळातूनच यावी लागते असे नाही, ती बैठकीतही जन्मते. नदीचा एखादा डोह असा राखायला कोणत्याही ग्रामसभेला हरकत नाही: वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये मासे व पाण्यातली इतर उत्पन्ने यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट नोंदवला आहे, आणि कलम 5 मध्ये राखण्याचे कर्तव्य.

मात्र हक्काबरोबर मालकही ठरतो, आणि मालक ठरला की कोणी तरी बाहेर पडतो. अनुसूचित क्षेत्रात गौण जलसाठ्यांचा कारभार पेसा कायद्याने पंचायत आणि ग्रामसभेकडे जातो. ज्या तलावावर पिढ्यान् पिढ्या ढिवरांनी डोंगा चालवला तो तलाव आदिवासी ग्रामसभेच्या हद्दीत येतो, आणि ढिवर अनुसूचित जमातीत नाहीत. मासा राखला कोणी आणि मासा कोणाचा, ही दोन उत्तरे जुळत नाहीत तेव्हा संयमाचा धडा कोणीच ऐकत नाही. उद्या तलाव हातचा जाईल असे वाटणारा आज बोटुकलीही सोडत नाही. वर्गात हा विषय बहुधा टाळला जातो, कारण तो माशाचा वाटत नाही. प्रत्यक्षात जाळ्याची आस ज्या दिवशी बारीक होते त्या दिवशी घरात याच प्रश्नावर बोलणे झालेले असते.

सहमतीने बांधल्या गेलेल्या गावाच्या हातातही सगळे नसते. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे, सिरोंच्याखाली गोदावरीवर मेडिगड्डा बंधारा 2019 मध्ये उभा राहिला. गडचिरोलीच्या हद्दीतल्या नद्यांना पाणी कधी आणि किती चढणार हे आता पावसाबरोबर दरवाजेही ठरवतात. रोहूला चढायला काही दिवस टिकणारा वाढता प्रवाह लागतो. एका रात्रीत आलेला आणि दुसऱ्या दिवशी ओसरलेला लोंढा त्याच्या उपयोगाचा नसतो, आणि अंडी घातली गेलीच तर ती वाळूवर उघडी पडतात. या वाळूवर उभा असलेला मासेमार अंड्यावरची मादी सोडून देऊ शकतो, मरळाच्या घोळक्याला वळसा घालू शकतो, डोह राखू शकतो. दरवाजा त्याच्या हाती नाही. ज्यांच्या हाती आहे त्यांच्या प्रशिक्षणात आषाढातल्या या चार-पाच दिवसांचा धडा घालायला वेगळे शास्त्र शोधावे लागणार नाही. ढिवरांसाठी लिहिलेली तीच चार पाने त्यांनाही चालतील.